क्लाइनरेबाखची खरड छाटणी

राजाभाऊ बोरस्त्यांचे हात रिकामे राहिले की काहीतरी विपरीत घडतं, हे कांताबाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळून चुकलं होतं. एकदा बसल्या बसल्या त्यांनी घरचा चांगला चालता मिक्सर उघडला, तो पुन्हा कधी मिटला नाही. एकदा व्याह्यांच्या अंगणातली जास्वंद बुंध्यापर्यंत कापली आणि वर म्हणाले, "बघा आता फुटवे कसे येतात ते." म्हणून तर लेकीकडे जर्मनीला निघताना बाईंनी सगळ्या बॅगा स्वतःच्या हाताने भरल्या आणि नवऱ्याची छाटणीची कात्री उचलून माळ्यावर टाकली. तरी ती एर्लांगेनला पोचलीच. मुक्तासाठी आणलेली गोधडी उलगडली तर आत ही.

"अहो, ही इथं काय करू राहिली?"

"सोबत असावी म्हटलं," राजाभाऊ म्हणाले.

घ्या! चार हजार मैल बायको बरोबर आली, ती काय सोबत नव्हती? पण बाईंनी कात्री काढून घेतली नाही. नवऱ्याचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि निफाडजवळची द्राक्षबाग राजाभाऊंनी पुतण्याच्या हवाली केली. चाळीस वर्षांत हा पहिला एप्रिल असा, की त्यांच्या हाताने खरड छाटणी होणार नव्हती. आपल्याकडे द्राक्षाची बाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे झाडून सगळ्या काड्या खाली एकदोन डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींवर, आणून ठेवायच्या, की नव्या काड्या तयार होतात. मग ऑक्टोबरात दुसरी छाटणी, फळाची, तिच्यातून घड. एप्रिल आला की राजाभाऊंचे हात आपोआप शिवशिवायला लागत, आणि ह्या वर्षी ते हात घेऊन माणूस मुक्ताच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभा. खाली सायकली, बस, शाळेला जाणारी पोरं. सगळं छान होतं, आणि छान असल्यामुळेच त्यात राजाभाऊंना करण्यासारखं काही नव्हतं.

मुक्ता हॉस्पिटलची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, तिचा नवरा श्रीधर सॉफ्टवेअरमध्ये. दोघांनाही बाबांचा चेहरा दिसत होताच. मग श्रीधरने तोड काढली. "आल्झो," तो जर्मन लकबीत म्हणाला, "आपण बाबांना वाइनचं गाव दाखवू. टेकड्यांवर सगळीकडे द्राक्षं. त्यांना घरी आल्यासारखं वाटेल."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी चौघं निघाले. आधी रीजनल ट्रेन, मग बस, आणि मग माइन नदीच्या वळणावरचं क्लाइनरेबाख. सहाशे माणसांचं गाव. मधोमध सातशे वर्षांचं दगडी चर्च, आणि त्याला चांगला दोन पुरुष उंचीचा तट. मुक्ताने पाटी वाचून सांगितलं, की पूर्वी लढाया व्हायच्या तेव्हा गावकरी धान्य आणि वाइनची पिंपं ह्या तटाच्या आतल्या कोठारांत आणून ठेवायचे आणि स्वतःही इथेच येऊन राहायचे.

"शहाणी माणसं," राजाभाऊ म्हणाले. महिन्याभरात त्यांनी कुणाचं केलेलं हे पहिलं कौतुक.

श्रीधर केक आणायला गेला, राजाभाऊ तटापाशीच रेंगाळले. मायलेकी चर्चच्या दारात पोचल्या आणि कांताबाई बूट काढायला लागल्या.

"आई, इथे काढत नाहीत गं."

"देवाच्या दारात काढतातच. देव कुणाचा का असेना."

आत गारेगार फरशी, उंच खिडक्यांतून पडलेलं रंगीत ऊन, आणि कोपऱ्यात दगडाची मेरीमाता, कडेवर लेकरू. तिचा उजवा हात पुढे केलेला होता, पण त्यात काही नव्हतं. मुक्ताने पुन्हा पाटी वाचली. बाहेर तटावर एक जुना द्राक्षवेल आहे, दर ऑक्टोबरात त्याचा पहिला घड मातेच्या हातात देतात, तेव्हाच गावचा सुगीचा सण साजरा होतो. कांताबाईंना हे फार आवडलं. त्यांनी पर्समधली कुंकवाची डबी काढलीसुद्धा होती, मुक्ताने हात धरला म्हणून बरं. मोज्यांवरच दोघी मागे वळल्या, बूट घातले आणि वेल बघायला बाहेर आल्या.

बाहेर राजाभाऊ गुणगुणत होते.

कांताबाईंचा जिवात जीव उरला नाही. हा माणूस फक्त काम करताना गुणगुणतो. तटाच्या उन्हाच्या बाजूला एक मांडीएवढ्या खोडाचा वेल होता आणि त्याच्या पायाशी काड्यांचा ढीग. लांब, कमानीसारख्या वाकवून बांधलेल्या काड्या, टोकांना नुकती कोवळी पानं फुटलेली, सगळ्या खाली. वर राहिले होते नुसते खुंट, एकदोन डोळ्यांचे. कापही काय सुरेख तिरपा! राजाभाऊंच्या हातात गोधडीतली ती कात्री आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू वर्षाचं कर्तव्य पार पडलं.

"एप्रिल निम्मा सरला आणि ह्या लोकांची खरड छाटणी बाकी," ते म्हणाले. "म्हटलं, आपण काय इथं नुसतं बसायचं? करून टाकली."

तेवढ्यात तटाच्या कमानीतून पाण्याची झारी घेतलेल्या एक वयस्क बाई आल्या. ऐंशीच्या असतील. त्यांनी वेल पाहिला, ढीग पाहिला, झारी खाली ठेवली. "माइन गॉट," अरे देवा, एवढंच म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या केलरबाई. वेल त्यांच्या पणजोबांनी लावलेला, सांभाळायला त्याच. त्या मुक्ताशी बोलत गेल्या तसा मुक्ताचा चेहरा उतरत गेला. "बाबा, इथे वर्षात एकदाच छाटतात, थंडीत. तीच फळाची छाटणी. मागे ठेवलेल्या काड्यांनाच ह्या वर्षीचे घड येणार होते. त्यांनी मार्चमध्ये एकेक काडी वाळुंजाच्या फोकेने स्वतः बांधली होती."

"मग ऑक्टोबरची छाटणी?"

"ऑक्टोबरात इथे पानं गळतात, बाबा. नोव्हेंबरात बर्फ."

राजाभाऊंच्या हातातली कात्री तशीच राहिली. चाळीस वर्षं ज्यांना तालुका बागेचं विचारायला यायचा, त्यांना एवढं सुचलं नव्हतं, की दुसऱ्या मुलखात वेलाचं वर्ष दुसरं असेल.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. तटाची भिंत ओलीने फुगली होती. चर्चच्या मंडळातल्या काही जणांना ओलीचं खापर वेलावर फोडून तो मुळासकट काढायचा होता. केलरबाई भांडल्या, तेव्हा ठरलं, की जोवर वेल मातेसाठी घड देतो तोवर त्याला हात लावायचा नाही. जुलैत भिंतीची दुरुस्ती सुरू होणार होती. सोळा जूनला मंडळ येऊन बघणार. घड असले तर भिंत वेलाला सांभाळून दुरुस्त होईल, नसले तर वेल जाईल.

"घड येईल का?" मुक्ताने बाबांना विचारलं.

राजाभाऊंनी मान हलवली. "खालच्या डोळ्याला घड नसतो पोरी. आपल्या थॉमसन जातीला तर नाहीच. मी मारला ह्यांचा वेल."

श्रीधर हसत हसत केकचा खोका घेऊन आला. ढीग आणि कात्री बघून त्याचं हसू मावळलं. "बाबा, तुम्ही रविवारी, चर्चच्या आवारात, न विचारता झाड कापलंत?" बिचारा! ह्या देशात रविवारी भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाहीत.

घरी राजाभाऊ जेवले नाहीत. कांताबाईंना त्यांचा राग आला होता, चांगला सणकून आला होता, पण तो बाहेर काढावा असं माणसाचं तोंडच राहिलं नव्हतं. मंगळवारी त्यांनी बेसनाचे लाडू वळले, डबा भरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा. चुकलं तर तोंड लपवायचं नाही. त्या बाईच्या पायाशी जाऊन बसायचं."

मुक्ताने रजा काढली आणि तिघं गेली. केलरबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. राजाभाऊंनी हात जोडले. "त्यांना सांग, जाईपर्यंत मी त्यांच्या बागेत गडी म्हणून राबतो. सांगतील ते काम, आणि विचारल्याशिवाय पानसुद्धा तोडणार नाही." मुक्ताने सांगितलं. केलरबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेल्या आणि एक खुरपं आणून हातात दिलं. लाडवाचा डबाही घेतला, पण उघडला नाही.

मग आठवड्यातून तीन दिवस दोघं नवराबायको स्वतःचे स्वतः ट्रेन आणि बस बदलून क्लाइनरेबाखला जायला लागली. टेकडीवर केलरबाईंची छोटी बाग होती, तिथे राजाभाऊ गुडघा सांभाळत तण काढत. भाषा नव्हती, पण केलरबाई बोटाने दाखवायच्या आणि ह्यांना कळायचं. बागायतदारांना बागेत फार बोलावं लागतच नाही. चौथ्या खेपेला तर एक खांब कुठे रोवायचा ह्यावरून दोघांचं आपापल्या भाषेत भांडणसुद्धा झालं, तेव्हा कांताबाईंना हायसं वाटलं. माणूस भांडला म्हणजे बरा होतो आहे.

पण त्याआधी तेवीस एप्रिल येऊन गेला होता. सकाळी मुक्ता फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तिकडे रात्री थंडीचा कडाका पडला, दव गोठलं. सगळ्या फ्रँकन भागात. उणे पाच." राजाभाऊ चहा तसाच टाकून उठले. दुपारी क्लाइनरेबाखला पोचले तर टेकडीच्या टेकडी करपलेली. कालपर्यंत हिरवीगार असलेली कोवळी फूट काळी पडून लोंबत होती. बांधावर माणसं नुसती उभी होती. केलरबाई आपल्या बागेत, हातात एक जळका कोंब घेऊन. कांताबाईंनी त्यांचा हात धरला. निफाडात गारपिटीनंतर असेच हात धरलेले त्यांना आठवत होते. केलरबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

राजाभाऊ मात्र खाली चर्चकडे निघाले होते, गुडघा विसरून. दोघी मागोमाग गेल्या. ते खुंटांवर वाकले होते, एकेक डोळा अंगठ्याने चाचपत होते. कापातून पाणी गळत होतं, म्हणजे मूळ जोरात होतं. आणि डोळे सगळे मिटलेले, घट्ट, लोकर पांघरून.

"झोपेत होते म्हणून वाचले," ते हळूच म्हणाले. "टोकाचे डोळे आधी फुटतात, ते मी कापले. खालच्यांना अजून जागच आली नव्हती. हा वेल जिवंत आहे, कांता."

"मग घड?"

"ते नाही सांगता येत," ते म्हणाले.

मे महिन्यात वेल फुटला. असा फुटला, की केलरबाई रोज शिडीशी उभ्या राहून बघायच्या. पण नुसती पानं बघून कुणाचं समाधान होतं? द्राक्षाच्या नव्या फुटीवर चौथ्या-पाचव्या पानासमोर काय निघतं, त्यावर सगळं असतं. घड निघाला तर निघाला, नाहीतर नुसती बाळी निघते, आधाराला वेटोळं घालणारा तंतू. आणि सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. कधी घड निघून आतल्या आत जिरतो आणि त्याची बाळी होते, तेही असतंच. जून लागला तसे राजाभाऊ वेलाकडे बघेनासेच झाले. टेकडीवर जायचे, काम करायचे, पण चर्चच्या तटाजवळून जाताना मान खाली.

दोन जूनला, रविवारी, सगळे गेले होते. राजाभाऊ वेलाकडे पाठ करून बाकावर बसले. "तुम्हीच बघा. माझ्याच्यानं होत नाही."

कांताबाई पुढे झाल्या. चाळीस वर्षं मांडवाखाली बसून त्यांनी घडांची विरळणी केली होती, ज्वारीएवढे मणी कात्रीच्या टोकाने एकेक काढून. डोळ्यांनी त्यांना अजून दगा दिला नव्हता. त्यांनी पहिला फुटवा हातात घेतला, पान उचललं. बाळी. दुसरा. तिथेही बाळी, टोकाला वळलेली. शेजारी केलरबाई चष्मा पुसत होत्या. तिसरा फुटवा खुंटाच्या अगदी तळातून आलेला. पान उचललं. काहीतरी हिरवं, दोन फाट्यांचं. कांताबाईंनी ते उन्हाकडे वळवलं. फाट्याला खसखशीएवढे दाणे होते. एक, दोन, पन्नास, किती तरी!

"अहो," त्या म्हणाल्या.

बेचाळीस वर्षांत त्यांनी लाखभर वेळा अहो म्हटलं असेल. पण राजाभाऊ असे कधी उठले नव्हते. आले, वाकले, बघितलं, दुसरं पान उचललं, तिसरं उचललं. "इथं आहे. इथं पण आहे. अगं, एकेका फुटव्याला दोन-दोन! खालच्या डोळ्याला! मुक्ता, विचार त्यांना, ही जात कुठली?"

"सिल्वानर," केलरबाई म्हणाल्या. त्यांचे गाल ओले झाले होते.

"सिल्वानर," राजाभाऊंनी तसंच म्हटलं आणि वेलीला हात जोडले. "बाई गं, तुझी ओळख नव्हती. माफ कर."

मोजले तर सव्वीस घड! कांताबाईंना काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी केलरबाईंचे दोन्ही हात धरले आणि चर्चच्या दारात फुगडीचा फेर धरला. हळूहळू, दोघींची हाडं सांभाळून, पण धरला. "आई, पडाल दोघी!" मुक्ता ओरडत होती आणि हसत होती. केलरबाई हसता हसता धापा टाकत "जा, जा" म्हणत होत्या, आणि ह्या 'जा'चा अर्थ 'हो, हो' असतो, एवढं जर्मन आता बाईंना येत होतं.

सोळा जूनला मंडळाची पाच माणसं आली. पुढे हेर श्टाडलर, म्हणजे श्टाडलरसाहेब, गावातले मोठे बागायतदार, पोट सुटलेले, मिशा जाड. वेल काढा म्हणणाऱ्यांतले हेच पहिले. त्यांनी घड पाहिले, मग टेकडीकडे पाहिलं. करपलेल्या बागा पुन्हा फुटल्या होत्या, पण घड कुठे एखादा. आणि हा वेल लगडलेला. त्यांनी टोपी काढली आणि राजाभाऊंसमोर येऊन उभे राहिले.

मुक्ता सांगायला लागली. "बाबा, ते म्हणतात, केलरबाईंकडून सगळं कळलं. एप्रिलात इतकी उशिरा, इतकी खोल छाटणी करायची छाती गावात कुणाची झाली नसती. ते म्हणतात, तुम्हाला थंडीच्या कडाक्याचा वास आधीच आला होता. चाळीस वर्षांचा अनुभव बोलला. कसं ओळखलंत, ते त्यांना शिकायचंय."

कांताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मिशा वर चालल्या होत्या. आता हा माणूस निफाडात जाऊन काय काय सांगेल, ते बाईंच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. जर्मन लोक टोपी काढून, आणि हे मध्ये उभे! एक क्षण राजाभाऊ खरोखरच फुगले. मग त्यांची नजर केलरबाईंकडे गेली आणि मिशा खाली आल्या.

"मुक्ता, नीट सांग," ते म्हणाले. "मला वासबिस काही आला नाही. मी चुकलो. आमच्याकडं एप्रिलात छाटतात म्हणून इथं छाटलं, न विचारता, दुसऱ्याचा वेल. मला वाचवलं ते त्या कडाक्यानं आणि तुमच्या सिल्वानरनं. माझं त्यात काही नाही."

मुक्ताने सांगितलं. कांताबाईंचा ऊर असा भरून आला, की त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच.

आणि हेर श्टाडलर हसायला लागले. आधी पोट हललं, मग आवाज आला, मग बाकीचे चौघं. हसू ओसरल्यावर त्यांनी तिथेच तटाशी उभं राहून मतं घेतली. पाचच्या पाच हात वर! वेल राहणार, भिंत त्याला वळसा घालून दुरुस्त होणार. मग ते केलरबाईंशी बराच वेळ बोलले, माना हलल्या, "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", झालं, आणि श्टाडलरनी खिशातली डायरी काढून काहीतरी लिहिलं.

"काय लिहू राहिले ते?" कांताबाईंनी विचारलं.

"ठरवलंय म्हणे," मुक्ता म्हणाली, "की इथून पुढे चर्चचा वेल दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी छाटायचा. चर्चच्या कॅलेंडरमध्येच घालणार आहेत. आणि नाव देणारेत, 'खरड'."

"घ्या!" कांताबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं मी ह्यांच्या चुका निस्तरते आहे, आणि इथं चुकीचा सण झाला!"

तेवढ्यात केलरबाई पुढे आल्या. त्यांनी आपले दोन्ही हात राजाभाऊंसमोर धरले. हात थरथरत होते, चांगलेच. मग शिडीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आपल्याच्याने आता होत नाही, हे सांगायला मुक्ता लागली नाही. मग त्यांनी तेच बोट राजाभाऊंच्या छातीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "एप्रिल." मुलूख वेगळा, पण महिन्याचं नाव तेच.

राजाभाऊंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते झटकन तटाकडे वळले आणि वेलाच्या खोडावर हात ठेवून उभे राहिले. खांदे हलत होते. मुक्ता पुढे निघाली, तिला कांताबाईंनी मागे धरलं. बाग दिली त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता. रडू दे म्हटलं. स्वतःचे डोळे पुसले, पदर खोचला, आणि त्याचे खांदे थांबेपर्यंत थांबल्या.

"अहो," मग त्या म्हणाल्या, "व्हिसाचा अर्ज जानेवारीतच टाकू. उशीर नको."